तलावावरील जलविमानाचा आवाज: मोजावा कसा, आटोक्यात आणावा कसा

ज्या तलावावर माणसे पोहतात, होड्या वल्हवतात, गळ टाकून तासन्‌तास बसतात, त्याच तलावावर जलविमान ये-जा करू लागले की थोड्याच दिवसांत काठावर दोन तट पडतात. एका तटाला विमान नकोच असते आणि दुसरा तट पाणी सर्वांचे आहे असे सांगत असतो. अशा भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असतात, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालतात. ही मार्गदर्शिका तलावकाठचे रहिवासी, होड्या वापरणारे आणि वैमानिक अशा तिघांसाठी लिहिली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जलविमानाचा त्रास बहुतांशी उड्डाणाच्या, म्हणजे पाण्यावरून उठण्याच्या, पाऊण-एक मिनिटाचा असतो, आणि त्या वेळात विमान तलावाच्या कोणत्या भागात आहे, त्याचा प्रोपेलर किती वेगाने फिरत आहे आणि घड्याळात किती वाजले आहेत, या तीन गोष्टींवर तो त्रास ठरतो. तिन्ही गोष्टी बदलता येतात. त्यामुळे मागणी याच तीन गोष्टींच्या भाषेत लिहावी; तशी लिहिली तर तिच्यावर बोलणे शक्य होते.

आवाज नेमका कशाचा असतो

विमान उतरताना मोठा आवाज होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उतरताना इंजिनाची शक्ती बरीच कमी केलेली असते, आणि फ्लोट, म्हणजे विमानाखालचे तरंगते पाय, पाण्याला टेकले की पाण्याच्या विरोधानेच विमानाचा वेग झपाट्याने उतरतो. कानाला बोचतो तो उड्डाणाचा आवाज. पाण्यावरून उठणाऱ्या विमानाला धावपट्टीवरच्या विमानापेक्षा अधिक झगडावे लागते. सुरुवातीला फ्लोट पाण्यात रुतलेले असतात, नाक वर उचललेले असते आणि पाण्याचा विरोध वाढत वाढत शिगेला पोहोचतो. तो टप्पा ओलांडला की फ्लोट पाण्यावर चढून घसरू लागतात, ज्याला वैमानिक ‘स्टेपवर येणे’ म्हणतात, आणि पुरेसा वेग आल्यावर विमान पाणी सोडते. हा सगळा वेळ इंजिन पूर्ण शक्तीवर असते. विमान जितके जड, हवा जितकी गरम आणि पाणी जितके निवांत, तितका हा वेळ लांबतो. निवांत पाण्याचा उल्लेख अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण आरशासारखे सपाट पाणी फ्लोटांच्या तळाला चिकटून राहते आणि हलक्या लाटा असल्या तर तीच पकड लवकर सुटते.

पूर्ण शक्तीच्या या आवाजात इंजिनाच्या धुराड्याचा वाटा असतोच, पण लांबवर पोहोचणारा कर्कश भाग मुख्यतः प्रोपेलरच्या पात्यांच्या टोकांचा असतो. टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की आवाज एकदम चढतो. हे साध्या गुणाकाराने पाहता येते. २.१८ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २,८५० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर होतो. १५ अंश सेल्सियस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाच्या ९५ टक्क्यांहून अधिक वेगाने फिरत असते. तेच फेरे २,६०० वर आणले, तर टोकाचा वेग २९७ मीटरवर, म्हणजे ध्वनीवेगाच्या ८७ टक्क्यांवर येतो. फेऱ्यांमधील घट दहा टक्क्यांचीही नाही, परंतु काठावरच्या कानाला हा फरक स्पष्ट कळतो, कारण टोक ध्वनीवेगालगतच्या पट्ट्यातून बाहेर आलेले असते. या एका कारणासाठी वैमानिकाशी बोलताना पहिला प्रश्न ‘किती उंचीवरून जाता?’ हा विचारण्याऐवजी ‘पाणी सोडल्यावर आर.पी.एम. (मिनिटाला होणारे फेरे) केव्हा कमी करता?’ हा विचारावा.

विजेवर चालणाऱ्या जलविमानांकडे काही जण आशेने पाहतात. कॅनडात हार्बर एअर या कंपनीने १० डिसेंबर २०१९ रोजी आपले जुने डी हॅविलंड बीव्हर विमान विजेच्या मोटरवर उडवून दाखवले, ही खरोखर मोलाची गोष्ट आहे. धुराड्याचा आवाज त्याने नाहीसा होतो. प्रोपेलर मात्र तिथेही असतोच, आणि त्याच्या टोकाचा हिशेब तोच राहतो.

पाणी, हवा आणि अंतर

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की एका ठिकाणाहून निघणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. विमान घरापासून १५० मीटरवरून उठत होते ते ६०० मीटरवरून उठू लागले, तर अंतर दोनदा दुप्पट झाले आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी झाला. १० डेसिबलची घट माणसाच्या कानाला निम्म्यासारखी वाटते, हे लक्षात घेतले तर उड्डाणाची रेषा तलावाच्या मध्याकडे किंवा निर्जन काठाकडे सरकवण्याला किती किंमत आहे हे कळते. पाण्याचा पृष्ठभाग मात्र गवताळ किंवा झाडीच्या जमिनीसारखा आवाज शोषून घेत नाही, तो परतवतो. त्यामुळे जमिनीवर ‘एवढ्या अंतरावर काही ऐकू येणार नाही’ हा जो अंदाज आपण बांधतो, तो पाण्यावर फसतो.

आवाजाची दिशा हा याहूनही दुर्लक्षित भाग आहे. प्रोपेलरचा आवाज सर्व दिशांना सारखा जात नाही. पाती ज्या प्रतलात फिरतात त्या प्रतलाच्या जवळपास, म्हणजे विमानाच्या दोन्ही कुशींना, तो सर्वांत मोठा असतो. उड्डाणरेषा काठाला समांतर असेल तर त्या काठावरचे एकेक घर क्रमाने विमानाच्या कुशीत येते. अरुंद, लांबट तलावांवर तक्रारी अधिक येण्याचे हे एक ठळक कारण आहे, कारण तिथे दोन्ही काठ एकाच वेळी कुशीत असतात. काठाला कडे किंवा उंच खडक असेल तर परतलेला आवाज समोरच्या काठावर दुसऱ्यांदा पोहोचतो.

मग हवा. शांत पहाटे किंवा संध्याकाळी थंड पाण्यालगतची हवा गार आणि वरची हवा तुलनेने उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पलीकडच्या काठावरचे बोलणेसुद्धा स्पष्ट ऐकू येते. होडीतून मासे धरणाऱ्या कोणालाही हा अनुभव आहे. याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. प्रोपेलरचे फेरे तेच राहिले तरी पात्याचे टोक ध्वनीवेगाच्या अधिक जवळ जाते. वरच्या उदाहरणातला प्रोपेलर गार पहाटे ९८ टक्क्यांवर पोहोचतो. म्हणजे ज्या वेळी आवाज सर्वांत दूर जातो, त्याच वेळी तो मुळातही मोठा असतो, आणि लोक तर तेव्हा झोपलेले असतात. ‘सकाळचे विमान जास्त आवाज करते’ असे एखाद्या आजी सांगतात तेव्हा त्या अतिशयोक्ती करत नसतात. वेळेची मर्यादा घालताना सकाळची मर्यादा संध्याकाळच्या मर्यादेपेक्षा महत्त्वाची का मानावी, याचे उत्तर इथे आहे.

नोंद आधी, तक्रार नंतर

तक्रार करण्यापूर्वी किमान तीन-चार आठवडे नोंद ठेवावी. एका साध्या वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी सपाट होते की लाटा होत्या, विमान उतरले की उडाले, तलावाच्या कोणत्या भागातून, किती फेऱ्या मारल्या, आणि आवाजामुळे नेमके काय अडले, एवढे लिहावे. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण चर्चेत त्याचाच उपयोग सर्वाधिक होतो. ‘फार आवाज झाला’ यापेक्षा ‘अंगणात समोरासमोर बसलेल्या दोघांना बोलणे थांबवावे लागले’ ही नोंद कोणालाही नाकारता येत नाही. ज्या दिवशी त्रास झाला नाही त्या दिवसाचीही नोंद ठेवावी. आठ उड्डाणांपैकी सहा कोणाला जाणवलीच नाहीत आणि दोन असह्य झाली असतील, तर त्या दोनांत वेगळे काय होते हे शोधणे म्हणजे निम्मे काम झाले.

मोजमाप करायचे असेल तर फोनवरच्या ॲपवर विसंबू नये. तुलना करण्यापुरते ते ठीक असते, पण अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. कॅलिब्रेट केलेले, म्हणजे प्रमाण मापाशी जुळवून तपासलेले, ध्वनिमापक यंत्र घ्यावे, त्याचा मायक्रोफोन जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून साडेतीन मीटर तरी दूर ठेवावा, वाऱ्यासाठी फोमची टोपी लावावी आणि विमान नसतानाचा आवाज आधी मोजून ठेवावा. यंत्रात ‘ए’ आणि ‘सी’ अशी दोन मापे असतात. बहुतेक नियम ‘ए’ मापात लिहिलेले असतात, पण ते खर्जातला आवाज फार कमी धरते. १०० हर्ट्‌झजवळ ही सूट सुमारे १९ डेसिबलची असते. दोन पात्यांचा प्रोपेलर २,८५० फेऱ्यांना सेकंदाला ९५ वेळा हवा कापतो, म्हणजे त्याचा मूळ सूर नेमका त्याच पट्ट्यात पडतो, आणि बंद खिडकीतून आत येणारी, तावदान थरथरवणारी घरघर तीच असते. ‘सी’ माप हा खर्ज जवळजवळ पूर्ण धरते, म्हणून दोन्ही मापे नोंदवावीत.

सरासरीच्या आकड्यांपासून विशेष सावध राहावे. समजा एका उड्डाणाची एकूण ध्वनिऊर्जा एका सेकंदात एकवटली तर ८५ डेसिबल भरते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात; त्या सगळ्यांवर ही ऊर्जा पसरवली की सरासरी ३६ डेसिबलच्याही खाली जाते. अशी दहा उड्डाणे झाली तरी सरासरी सुमारे ४६ डेसिबलच होते. अमेरिकेत विमानतळांच्या आवाजासाठी दिवस-रात्र सरासरीचा ६५ डेसिबल हा उंबरठा वापरला जातो, ज्यात रात्री दहा ते सकाळी सात या वेळेतल्या आवाजाला १० डेसिबल वाढवून धरले जाते. वरच्या हिशेबाने तो उंबरठा गाठायला दिवसाच्या वेळात सुमारे ८७० उड्डाणे लागतील. जिथे एरवी पाण्याची चुळबुळ तेवढी ऐकू येते अशा तलावावर सरासरी हे माप माणसाचा अनुभव पकडूच शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सरासरीवर वाद घालण्यात वेळ दवडू नये. एका उड्डाणाचा सर्वोच्च आवाज, दिवसातील उड्डाणांची संख्या आणि त्यांची वेळ, हीच तीन मापे चर्चेच्या टेबलावर ठेवावीत.

अधिकार कोणाचा, हे आधी पाहावे

बहुतेक देशांत आकाशातला मार्ग राष्ट्रीय विमान वाहतूक प्राधिकरण ठरवते, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा वापर तलावाचा मालक, जलसंपत्तीचे खाते किंवा स्थानिक संस्था ठरवते. पत्र चुकीच्या दारात टाकले तर महिने वाया जातात. उडत्या विमानाच्या उंचीबद्दल गावच्या संस्थेला काही करता येत नाही. पाण्यावर कुठे, केव्हा उतरावे याबद्दल पुष्कळदा करता येते. आणखी एक गैरसमज उंचीच्या नियमाबद्दल असतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या नियमांनुसार विरळ वस्तीवरून किंवा मोकळ्या पाण्यावरून उडताना कोणत्याही माणसापासून, होडीपासून किंवा बांधकामापासून ५०० फूट, म्हणजे सुमारे १५२ मीटर अंतर राखावे लागते, परंतु उड्डाण आणि उतरणे यांसाठी आवश्यक असलेले खाली येणे त्यातून वगळलेले आहे. उतरणारे विमान ‘फार खाली आले’ ही तक्रार म्हणूनच टिकत नाही.

पाण्यावर असताना जलविमान कायद्याने नौका मानले जाते. समुद्रातील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील अठराव्या नियमात स्पष्ट म्हटले आहे की पाण्यावरील जलविमानाने सामान्यतः सर्व नौकांपासून पुरेसे दूर राहावे आणि त्यांच्या मार्गात अडथळा आणू नये. टक्कर होण्याचा धोका निर्माण झाला तर इतर नौकांप्रमाणे सुकाणूचे नियम पाळावेत. हे नियम समुद्रासाठी आणि त्याला जोडलेल्या जलमार्गांसाठी असले तरी अंतर्गत पाण्यावरचे कितीतरी नियम याच धर्तीवर बेतलेले असतात. विमान आले म्हणून होडीने पळून जावे, अशी अपेक्षा या नियमात नाही, आणि वैमानिकाने ती बाळगूही नये.

उड्डाणरेषा आखणे

हा या सर्व कामाचा गाभा आहे आणि तो नकाशावर, सर्वांनी एकत्र बसून करावा. तलावाच्या मोठ्या नकाशावर आधी घरे, पोहण्याची जागा, शिडाच्या होड्यांचा भाग, पक्ष्यांची वीण होते ती लव्हाळी, बुडालेले खडक, बेटे आणि पाण्यावरून गेलेल्या तारा दाखवाव्यात. तारा सर्वांत आधी. वरून त्या दिसत नाहीत, आणि आवाज टाळण्यासाठी सुचवलेली रेषा तारेखाली जात असेल तर ती सूचना तिथेच संपते. त्यानंतर वर्षाच्या ज्या महिन्यांत तलाव गजबजलेला असतो त्या महिन्यांतील वाऱ्याची नेहमीची दिशा लिहावी, कारण विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते. एकच रेषा ठरवून भागत नाही. नेहमीच्या वाऱ्यासाठी एक आणि उलट वाऱ्यासाठी एक अशा निदान दोन रेषा लागतात.

रेषेची लांबी वैमानिकाने विमानाच्या पुस्तिकेवरून सांगावी, त्या दिवसातील सर्वांत गरम हवा आणि पूर्ण भार धरून. उड्डाण अर्धवट सोडावे लागले तर थांबायला पुढे पाणी उरले पाहिजे. आवाज कमी व्हावा म्हणून ही जागा कापण्याचा आग्रह काठावरच्या कोणीही धरू नये. रेषा ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. पूर्ण शक्तीच्या धावेत विमानाच्या कुशीला कोणती घरे येतात? पाणी सोडल्यावर विमान किती वेळ पाण्यावरच राहून चढू शकते? आणि काठ ओलांडतेच तर तो कोणत्या ठिकाणी ओलांडते? अनेकदा असे दिसते की धावेची सुरुवात तीन-चारशे मीटर मागे नेली की चढण्याचा बहुतेक भाग पाण्यावर होतो आणि काठावर येईपर्यंत शक्ती कमी केलेली असते. त्यासाठी वैमानिकाला पाण्यावर थोडे अधिक अंतर मंद गतीने चालावे लागते. ही मागणी अगदी वाजवी आहे.

रेषा म्हणजे रंगवलेली धावपट्टी नव्हे, हे मात्र करारात लिहून ठेवावे. तिच्यात एखादा पोहणारा, तरंगते लाकूड किंवा वल्ह्याची होडी आली तर वैमानिकाने रेषा सोडलीच पाहिजे. सपाट, आरशासारख्या पाण्यावर उतरतानाही सूट द्यावी लागते. अशा पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून वैमानिक थोडी शक्ती ठेवून, मिनिटाला साधारण १५० फूट या बेताने हळूहळू खाली येत राहतो, पाणी लागेपर्यंत. आणि उंची कळावी म्हणून काठाच्या जवळून येतो. काठावरच्याला हे मुद्दाम जवळून, रेंगाळत उडणे वाटते. ते जीव वाचवणारे तंत्र आहे, आणि ही एक गोष्ट समजावून सांगितल्याने कित्येक कडवट वाद विरघळतील, असे मला वाटते.

वैमानिकाने काय करावे

उतरण्यापूर्वी पाण्याची पाहणी करणे आवश्यकच असते, पण ती एका फेरीत, पुरेशा उंचीवरून आणि शक्य तितकी पाण्यावरून करावी. खाली येताना प्रोपेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, दांड्याने बारीक करण्याची घाई करू नये. शक्ती जास्त असताना तो दांडा पुढे ढकलला की फेरे एकदम चढतात आणि सगळा काठ वर पाहतो. शक्ती पुरेशी कमी झाल्यावर तोच दांडा पुढे नेला तर फेरे वाढत नाहीत आणि पुन्हा उडावे लागले तर विमान तयारही असते.

इंजिन गरम करणे आणि तपासणे ही कामे धक्क्याजवळ करू नयेत. जलविमानाला ब्रेक नसतात, त्यामुळे इंजिन सुरू झाले की ते चालू लागतेच. याचाच फायदा घेऊन मंद गतीने तलावाच्या मध्याकडे जाता जाता ही कामे उरकावीत. पाणी सोडल्यावर सुरक्षित वेग आणि उंची मिळताच आधी शक्ती, मग फेरे पुस्तिकेतल्या चढण्याच्या आकड्यावर आणावेत. तो क्षण कोणता, हे वैमानिकच ठरवील. करारात उंचीचा आकडा घालू नये. विमान हलके ठेवून उडणे हाही आवाज कमी करण्याचा मार्ग आहे, कारण धाव आखूड होते.

शिकाऊ वैमानिकाला घेऊन पुन्हा पुन्हा उतरणे-उडणे हा प्रकार वस्तीच्या तलावावर करू नये. एकाच दिवशी एकाच काठाला बारा वेळा पूर्ण शक्तीचा आवाज ऐकवला, तर त्या तलावावरची पुढची दहा वर्षे गमावली असे समजावे. प्रोपेलर बदलण्याची वेळ आलीच असेल, तर कमी व्यासाचा, तीन किंवा चार पात्यांचा प्रोपेलर त्या विमानासाठी मंजूर आहे का, हे जरूर पाहावे. आणि दुसऱ्या तलावावरून येताना फ्लोटांमधले पाणी उपसून, सुकाणूच्या दोऱ्यांत अडकलेल्या पाणवनस्पती काढूनच यावे. आवाजाशी याचा संबंध नसला तरी विश्वासाशी आहे.

होडीवाल्यांनी आणि पोहणाऱ्यांनी काय करावे

धाव सुरू होताना नाक वर उचललेले असल्यामुळे वैमानिकाला काही क्षण समोरचे दिसत नाही. होडी त्याला दिसली असेलच असे धरू नये. पूर्ण शक्तीचा आवाज ऐकू आला की पोहणाऱ्याने काठाकडे वळावे, वल्ह्याच्या होडीने दिशा न बदलता जसे चालले आहे तसे चालावे. ऐनवेळी इकडेतिकडे वळणारी होडी सर्वांत धोकादायक. यांत्रिक होड्यांनी उड्डाणरेषा आडवी कापून मागे लाटा सोडू नयेत, कारण वेगात असलेल्या फ्लोटाला ती लाट दगडासारखी लागते. शिवाय लाटांमुळे उड्डाण सोडून पुन्हा करावे लागले तर आवाजही दोनदा होतो. विमान धक्क्याकडे येत असताना हौसेने जवळ जाऊ नये. फिरणारा प्रोपेलर दिसत नाही आणि विमानाला जागच्या जागी थांबता येत नाही.

करार लिहावा कसा

पहिले पत्र वैमानिकाला लिहावे, खात्याला नंतर. पत्रात नोंदवहीतील चार-पाच नेमके दिवस द्यावेत आणि भेटीची वेळ मागावी. शक्य असेल तर भेटीत वैमानिकाला एका घराच्या अंगणात बसवून दुसऱ्या विमानाचे उड्डाण ऐकवावे, आणि काठावरच्या एकदोघांनी त्याच्यासोबत विमानात बसून धाव पाहावी. कागदावरच्या दहा मुद्द्यांपेक्षा हे दोन अनुभव अधिक काम करतात.

करार एका पानाचा असावा. त्याची भाषा अशी असू शकते: ‘सकाळी आठपूर्वी आणि सूर्यास्तानंतर उड्डाण केले जाणार नाही. पश्चिमेचा वारा असताना नकाशावरील पहिली रेषा आणि पूर्वेचा वारा असताना दुसरी रेषा वापरली जाईल. सुरक्षिततेसाठी वैमानिकाला कोणतीही रेषा सोडण्याची मुभा राहील. तसे झाल्यास त्याच दिवशी रहिवासी, होडीवाले आणि वैमानिक यांच्या समितीला कारण कळवले जाईल. एका दिवसात ठरलेल्या संख्येहून अधिक उड्डाणे होणार नाहीत. सरावाची उड्डाणे या तलावावर होणार नाहीत.’ उड्डाणांची संख्या किती, हे प्रत्येक तलावाने आपल्या रुंदीवर आणि वस्तीवर ठरवावे. रुंद तलावावर जी संख्या कोणाच्या लक्षातही येत नाही ती अरुंद तलावावर फार होते. आजारी माणसाला नेणे, बेपत्ता माणसाचा शोध आणि वणवा विझवणे यांना कोणतीही वेळ किंवा रेषा लावू नये. वणव्यावर जाणारे सीएल-४१५ सारखे विमान पाण्यावरून सरकत सरकत १२ सेकंदांत सहा हजार लिटरहून अधिक पाणी भरून घेते; त्या दिवशी सर्व होड्यांनी काठाला यावे, हेही त्याच पानावर लिहावे.

करार आधी एका हंगामापुरता करावा. त्या हंगामात काठावरची वही आणि वैमानिकाची उड्डाणनोंद दोन्ही चालू ठेवाव्यात, आणि हंगाम संपल्यावर त्या शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवून पाहाव्यात. त्रासाच्या बहुतेक नोंदी एका रेषेच्या, एका वाऱ्याच्या किंवा एका वेळेच्या आहेत असे दिसले, तर तेवढाच भाग बदलावा आणि बाकीचे पान तसेच ठेवावे. नकाशा, वेळा आणि तक्रारीसाठी समितीचा एकच दूरध्वनी क्रमांक असलेला फलक प्रत्येक धक्क्यावर लावावा, म्हणजे पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्या वैमानिकाला आणि पहिल्यांदाच होडी घेऊन आलेल्या कुटुंबाला तो पाण्यात उतरण्यापूर्वी वाचता येईल.